आधी पातेले, मग व्याख्यान: नागपूरच्या मंडळीत सकस आहाराचे काम कसे सुरू करावे

नागपुरातली कुठलीही ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, घ्या, सदरची, मोहननगरची की इंदोऱ्याची. वर्षभरात ती माणसांना किती वेळा खाऊ घालते याचा हिशेब कोणी मांडत नाही. रविवारच्या उपासनेनंतरचा चहा-नाश्ता, सणाचे प्रीतिभोजन, बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, स्मरण उपासना, हार्वेस्ट (पिकाचा सण), नाताळ, मधूनच येणारी कन्व्हेन्शन. इतक्या घरांचे ताट इतक्या वेळा एकाच जागी ठरते आणि ते ठरवणारी माणसे असतात चार-पाच. तरीही चर्चमध्ये आहाराचे काम करायचे म्हटले की सगळ्यांना आधी व्याख्यानच सुचते: एक डायटिशियन, एक प्रोजेक्टर आणि मागच्या बाकांवर डुलक्या. माझे मत उलटे आहे. आधी चर्चचे पातेले बदला. व्याख्यान सर्वांत शेवटी ठेवा. कित्येकदा त्याची गरजच उरत नाही.

हे काम ज्यांच्याकडे नव्यानेच आले आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. महिला मंडळाच्या नव्या सचिव, तरुण संघातली हौशी मुले, नुकत्याच निवृत्त झालेल्या सिस्टर (नर्स), किंवा मीटिंगमध्ये "तुम्हीच बघा ना जरा" म्हणून ज्यांच्या गळ्यात हे पडले ते सगळे.

समितीने "गरज काय?" असे विचारलेच तर दोन गोष्टी हाताशी असू द्या. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख निघाली आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहूनही जास्त, १३ कोटी ६० लाख. दुसरी गोष्ट, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे एकाच बाकावर साखर वाढलेले काका आणि रक्त कमी असलेली सून शेजारी-शेजारी बसतात आणि दोघांच्या हातात आपण तोच समोसा आणि तोच गोड चहा देतो.

चर्चमधून हे साधते का, हाही प्रश्न येईल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या दहा ग्रामीण काउंट्यांत १९९० च्या दशकात पन्नास कृष्णवर्णीय मंडळ्यांनी हा प्रयोग केला. पाळकांनी पाठबळ दिले, मंडळीतल्याच माणसांना सल्लागार म्हणून तयार केले, चर्चच्या जेवणात फळे-भाज्या वाढवल्या, घराघरांतल्या आवडत्या पाककृती जरा सुधारून त्यांचे पुस्तक केले. दोन वर्षांनी त्या मंडळ्यांतली माणसे, ज्या मंडळ्यांत काम अजून सुरू झाले नव्हते त्यांच्यापेक्षा, दिवसाला जवळपास एक वाटा फळे-भाज्या जास्त खात होती. चमत्कार म्हणावा असा हा फरक नाही. पण जो पडला तो जेवणाच्या टेबलावरून पडला.

पहिली पायरी: परवानगी

कागदावरची परवानगी कोण देते हे तुमच्या मंडळीच्या घडणीवर आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले ते आपल्या नागपुरातच. त्या मंडळीत असाल तर पाळक आणि पास्टरेट कमिटी यांच्याकडे जा. कॅथलिक पॅरिशमध्ये फादर आणि पॅरिश कौन्सिल. स्वतंत्र मंडळ्यांत बहुधा पास्टरसाहेब आणि दोन वडील एवढ्यावर काम होते. एक पानाचा अर्ज द्या आणि मुदत तीनच महिन्यांची मागा. तीन महिन्यांना कोणी फारसे नाही म्हणत नाही. कायमचे म्हटले की समितीत वाद सुरू.

पाळकांकडे संदेश मागू नका. तीन साध्या गोष्टी मागा. नाश्त्यात काय आहे ते सूचनांच्या वेळी सांगावे, स्वतः तेच ताट घ्यावे, आणि कोणाच्या घरी भेटीला गेल्यावर तिसऱ्यांदा वाढलेला शिरा हसून नाकारावा. पाळकांना घरोघरी किती गोड खावे लागते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शेवटच्या मागणीचे मोल कळेल.

खरी परवानगी मात्र स्वयंपाकघरात मिळते. प्रत्येक मंडळीत एक मावशी असतात (क्वचित एक काका), ज्यांच्या हाताखाली वीस वर्षे पातेली चढली आणि उतरली. त्यांना डावलून केलेला बदल दुसऱ्या रविवारपर्यंतही टिकत नाही. त्यांच्याकडे शिकायला जा, शिकवायला नको. "मावशी, शंभर माणसांच्या रश्शाला तुम्हाला तेल किती लागतं?" असे विचारा. "अंदाजानं टाकते गं," असे उत्तर येईल. मग म्हणा, "या वेळी तुमचा अंदाज मोजून लिहून ठेवू या, पुढच्या पिढीला लागेल." इथून काम सुरू होते. तेल कमी करा हा शब्द पहिल्या महिन्यात तोंडातून काढायचा नाही.

शास्त्रवचनांबद्दल थोडे. दानीएल आणि त्याच्या सोबत्यांनी दहा दिवस शाकान्न आणि पाणी घेतले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि उपयोगाचीही आहे; दहा दिवस करून बघू, असे आव्हान तरुण संघाला त्यावरून देता येते. "शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर" या वचनाचा मात्र जाड माणसांना टोचायला वापर होतो. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात ते वचन येते ते जारकर्माच्या संदर्भात, कोणाच्या पोटाच्या घेरावर नव्हे. त्यापेक्षा रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय समितीत वाचा: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर अर्धी भांडणे होतच नाहीत.

दुसरी पायरी: एक वही

पहिला महिना काहीही बदलू नका, फक्त लिहा. दोनशे पानी वही पुरते. तारीख, कार्यक्रम, किती माणसे, काय केले, तेल किती, साखर किती, मीठ किती, भाजी किती किलो, काय उरले, काय संपले. उरलेल्याचा रकाना विसरू नका; लोकांना खरोखर काय आवडते ते तोच सांगतो.

मग महिनाअखेरीस भागाकार करा. समजा शंभर पानांच्या मटण-भाताला आठ लिटर तेल गेले. एका ताटात आले ८० मिलिलिटर, म्हणजे साधारण ७३ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप धरले आहे २७ ग्रॅम, तेही पूर्ण दिवसाचे. अडीच दिवसांहून जास्त तेल दुपारच्या एका जेवणात गेले. थोडे तेल तर्री होऊन पातेल्यात उरते हे खरे, पण तर्री पातेल्यात उरू देणारा नागपूरकर मला अजून भेटायचा आहे.

हा भागाकार व्याख्यानाचे काम करतो. समितीपुढे एवढाच कागद ठेवा. त्यावर नाव कोणाचे नको, शेरा नको.

तिसरी पायरी: रविवारचा चहा

दुसऱ्या महिन्यात चहाच्या टेबलाला हात घाला. इथे खर्च कमी आणि वाद कमी. शिवाय दर आठवड्याला होते म्हणून सवय लागते.

चहात साखर निम्मी घालून बाजूला वाटीत साखर आणि चमचा ठेवा. ज्याला हवी तो घेईल. दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा ग्रॅम, आणि दिवसाची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे सांगितले जाते. बिनसाखरेच्या चहाचा थर्मास वेगळा ठेवा. पण त्यावर "शुगर पेशंटसाठी" अशी चिठ्ठी लावू नका. "बिनसाखर" एवढेच लिहा. पहिल्या चिठ्ठीने माणूस टेबलापाशी उभा राहून आपला आजार जाहीर करतो, म्हणून तो गोड चहाच उचलतो.

खाण्याबाबत माझा नियम असा: पहिले चार रविवार फक्त वाढवायचे, काढायचे काही नाही. समोसा असेल तर असू द्या, शेजारी उकडलेल्या हरभऱ्याचे मोठे पातेले येऊ द्या, कांदा, सांबार (कोथिंबीर) आणि भरपूर लिंबू पिळून. पोहे असतील तर पोह्यांत मटार, गाजर, शेंगदाणे वाढवा आणि वर घ्यायची तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, वेगळ्या भांड्यात ठेवा. तर्रीतले चणे झाऱ्याने भरपूर घ्यावेत आणि वरचा लाल थर ज्याने त्याने आपल्या हिमतीवर घ्यावा. तर्रीच बंद केली तर लोक उपासना संपताच गेटबाहेरच्या ठेल्यावर जातील आणि तुमचे हरभरे उरतील.

फळ ठेवायचे तर आपल्याला दूर जायला नको. नोव्हेंबर ते जानेवारी आंबिया बहाराची संत्री, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मृग बहाराची. दोन-तीन कुटुंबांनी मिळून कळमन्याच्या बाजारातून पेटी आणली तर किरकोळ भावापेक्षा बरीच स्वस्त पडते. सदरच्या मंडळीला मंगळवारी बाजार जवळ आहे, बर्डीवाल्यांना कॉटन मार्केट. संत्री सोलून फोडी ठेवा. सोलायचा कंटाळा हेच फळ न खाण्याचे मोठे कारण. रस काढू नका. रस काढला की चोथा जातो, एका पेल्यात तीन-चार संत्री जातात आणि साखर झटकन चढते. हंगाम नसताना केळी, पेरू, पपई.

चहाबद्दल आणखी एक. जेवणाला लागूनच चहा घेतला की अन्नातले लोह नीट शोषले जात नाही, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी असे त्याच राष्ट्रीय सूचनांत आहे. उलट लिंबू-संत्र्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. तेव्हा हरभऱ्यावर लिंबू पिळायचे ते नुसत्या चवीसाठी नाही. आणि प्रीतिभोजनाच्या रविवारी चहा उपासनेआधी द्या, जेवणावर नको.

चौथी पायरी: प्रीतिभोजन, म्हणजे खरी परीक्षा

नागपूरच्या मंडळीत सावजी मटणाला हात लावणे म्हणजे विस्तवात हात घालणे. म्हणून मटण काढायचेच नाही, भोवतीचे ताट बदलायचे. आज ताटात असते काय? भाताचा डोंगर, त्यावर रस्सा, कोपऱ्यात कांद्याच्या दोन चकत्या आणि शेवटी गुलाबजाम. भाजी नाहीच, डाळ फक्त शाकाहारी लोकांसाठी.

शंभर माणसांचे गणित असे मांडा. राष्ट्रीय सूचनांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत; त्यातल्या १५० ग्रॅम या एका जेवणातून द्यायच्या म्हणजे शंभर पानांना १५ किलो भाजी, कच्ची आणि शिजवलेली मिळून. त्यात सहा-सात किलोची काकडी-टमाटर-गाजराची कोशिंबीर आणि बाकीची एक सुकी भाजी: वालाच्या शेंगा, भोपळा, मेथी, हिवाळ्यात वांग्याचे भरीत. डाळ सगळ्यांसाठी करा, तीन किलो तूर किंवा तूर-मूग. धान्य तांदूळ आणि पीठ मिळून नऊ-दहा किलोंच्या आसपास. निम्म्या तांदळाऐवजी ज्वारीची भाकर करता आली तर उत्तम, पण शंभर माणसांच्या भाकरी थापायला हात लागतात. महिला मंडळाने प्रत्येक घरून पाच-पाच भाकरी आणायच्या अशी वाटणी केली तर ते जमते. नाही जमले तर भातच ठेवा, वाढायचा डाव लहान घ्या.

वाढण्याचा क्रम हा फुकटचा उपाय आहे. रांगेत आधी कोशिंबीर, मग भाजी, मग डाळ, मग मटण, सगळ्यांत शेवटी भात. ताट निम्मे भरले की भात आपोआप कमी घेतला जातो. बुफेत हे होते. पंगत असेल तर वाढप्यांना क्रम समजावून सांगा. वाढायला तरुण संघाची मुले उत्तम, पण "घ्या ना काका, अजून घ्या" हा आग्रह त्यांना बंद करायला सांगा. आग्रहाने वाढलेले अन्न एक तर नको त्या पोटात जाते, नाहीतर बादलीत.

आता तेल. सावजीची चव मसाल्यात आहे, भाजलेल्या जवसात, खसखशीत, धन्यात, मिरीत, दगडफुलात. कांदा-खोबरे तेलात बुडवून तळण्याऐवजी तव्यावर कोरडे खरपूस भाजून वाटले तर तेल निम्म्यावर येते आणि रंग जात नाही. रंगासाठी आपल्याकडची भिवापुरी मिरची आहेच. मटणाचे स्वतःचे तेल सुटते, तेही जमेस धरा. एकदम निम्मे करू नका. मावशींच्या वहीतला आकडा दर वेळी लिटरभराने खाली आणा. आठाचे सात, सातांचे सहा. चार-पाच जेवणांत जीभ सरावते. गावात "चर्चचं जेवण फिकं झालं" अशी आवई उठली की मग परत फिरणे अवघड.

मिठाचेही तसेच. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, ही मर्यादा आहे. एका जेवणाला दोन ग्रॅम धरले तर शंभर पानांना २०० ग्रॅम, सगळ्या पदार्थांत मिळून. पहिल्यांदा तराजूवर मोजाल तेव्हा मावशी तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतील ती सहन करायची तयारी ठेवा. पापड-लोणचे या हिशेबात नाही, म्हणून दोन्हीपैकी एकच ठेवा. कोणी बाजारातले कमी सोडियमचे मीठ सुचवले तर थांबा. त्यात पोटॅशियम असते, आणि किडनीचा आजार असणाऱ्यांना, रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकते. सगळ्या मंडळीच्या पातेल्यात ते नकोच.

गोड एकच ठेवा आणि लहान वाटीत. थंड पेयांच्या बाटल्या पूर्ण बंद करा; इथे मात्र मी हळूहळूच्या बाजूचा नाही. ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत तीस-बत्तीस ग्रॅम साखर असते, दिवसाची मर्यादा एका घोटात पार. जिरे घातलेले ताक करा.

पाचवी पायरी: सणांचे कॅलेंडर

लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या) चाळीस दिवसांत मांसाहार सोडणारे पुष्कळ. पण मटण सुटले की संध्याकाळी भजी, साबुदाणा आणि बटाटा सुरू होतो, आणि चाळीस दिवसांनी वजन वाढलेले असते. शुक्रवारच्या प्रार्थनासभांना डाळी-उसळींचे साधे जेवण ठरवा: ज्वारीची भाकर, झुणका, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. यातली एकही वस्तू महाग नाही आणि शोधायला मॉलमध्ये जावे लागत नाही. दिवसभर कडक उपास करणाऱ्यांत मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे असतील तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, हे पाळकांच्या तोंडून जाहीर व्हायला हवे. रिकाम्या पोटी गोळी घेऊन साखर एकदम खाली जाणे जिवावर बेतू शकते. हा सल्ला महिला मंडळाने दिला तर लोक विश्वासाचा प्रश्न करतात, पाळकांनी दिला तर ऐकतात.

हार्वेस्ट हा तर आपलाच सण. भोपळे, वांगी, तांदूळ, अंडी, कोंबड्या वेदीपाशी येतात आणि मग लिलाव होतो. लिलावाआधी एक वाटा चर्चच्या स्वयंपाकघरासाठी बाजूला काढायचा ठराव करा आणि त्याच दिवशी त्या भाज्यांची मिश्र भाजी रांधा. लिलावात केकपेक्षा भोपळ्याला जास्त बोली लागावी म्हणून बोली पुकारणाऱ्याला जरा चढवून ठेवा. चांगला पुकारणारा काहीही विकू शकतो.

नाताळात घरोघरी करंज्या, शंकरपाळे, चकल्या, केक होणारच, आणि त्यात पडू नका. पण कॅरोलच्या फेऱ्यांकडे बघा. एका रात्रीत आठ-दहा घरे आणि प्रत्येक घरी केक, चिवडा, कॉफी. मुले पहाटे घरी जातात ती पोट धरून. फेऱ्यांची यादी करतानाच घरांशी बोलून ठेवा: एका घरी जेवण, बाकीच्या घरी पाणी आणि संत्र्याच्या फोडी. संत्र्यांचा हंगामच असतो. यजमान मावशींना सुरुवातीला वाईट वाटते, मग हायसे वाटते.

उन्हाळ्यातल्या सुट्टीतल्या बायबल शाळेचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. पाण्याचे माठ जागोजागी हवेत, आणि सरबताच्या बाटलीऐवजी कैरीचे पन्हे, गूळ बेताने घालून. बक्षीस म्हणून चॉकलेट देणे थांबवा. पेन्सिल, रंग, रोपटे काहीही चालते.

सहावी पायरी: तपासणीचा रविवार

जेवण बदलून दोन-तीन महिने झाले, लोकांचा विश्वास बसला, की मग रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर मोजायचा रविवार ठेवा. आधी नको. आधी तपासणी आणि मग पथ्य, असा क्रम लावला की लोकांना वाटते चर्चने पकडायलाच बोलावले. तुमच्या भागातल्या आशाताईंना आणि महापालिकेच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारा. तीस वर्षांवरील सगळ्यांची रक्तदाब-मधुमेह तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे. मंडळीतल्या निवृत्त सिस्टर मदतीला येतातच. घेर मोजताना पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. स्त्रियांचे माप आडोशाला, स्त्रियांनीच घ्यायचे. रक्तदाब १४०/९० किंवा वर आला तर चिठ्ठी देऊन पुढे दवाखान्यात. निदान आपण करायचे नाही आणि गोळी सुचवायची नाही.

गुपित राखणे ही इथली सर्वांत नाजूक बाब. आपल्याकडे प्रार्थनेच्या विनंत्या मोठ्याने वाचल्या जातात. तपासणीनंतरच्या रविवारी "अमक्या भगिनींच्या साखरेसाठी प्रार्थना करू या" असे झाले की पुढच्या वेळी कोणी हात पुढे करणार नाही. आकडे ज्याचे त्याच्या हातात, कागदावर. चर्चच्या कपाटात यादी ठेवायची नाही.

विदर्भात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, पुष्कळ घरांत आहे. रक्त कमी दिसले की लगेच लोहाच्या गोळ्या वाटण्याचा उत्साह बरा नाही. सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार रक्त दिलेले असेल तर शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते, म्हणून त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नयेत. सिकलसेलची तपासणी मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत होते. आणि अशा मुलांना उन्हात पाणी कमी पडले तर वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून सहल, मिरवणूक, शिबिर या वेळी पाण्याची बाटली हातात असलीच पाहिजे.

स्वच्छता आणि कायदा, थोडक्यात

शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये; नागपूरच्या मे महिन्यात तासभरच धरा. मटण आणि भात वाफाळते राहतील असे ठेवा. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका आणि उरलेले डब्यात भरून पुढच्या कार्यक्रमाला मुळीच नको. धार्मिक-सामाजिक कार्यक्रमांत अन्न वाटणाऱ्यालाही अन्न सुरक्षा नियमांखाली नोंदणी लागू होते, हे बहुतेक समित्यांना माहीत नसते. लहान नोंदणीची फी नाममात्र आहे, ऑनलाइन होते, करून टाका. केटरर असेल तर त्याचा परवाना बघा आणि तेल-मिठाचे तुमचे माप त्याच्याकडून लिहून घ्या. उरलेले चांगले अन्न त्याच तासात वाटायचे कोणी आणि कुठे, हे जेवणाआधी ठरलेले असावे. पाच भाकरींनी हजारोंना जेवू घातल्यावरही उरलेले तुकडे गोळा करायला येशूने शिष्यांना सांगितलेच होते.

लोक काय म्हणतील

"हे चर्च आहे की दवाखाना?" हा प्रश्न हमखास. नागपुरात मिशनने दवाखाने चालवले, बर्डीवरचे म्यूर मेमोरियल त्यांतलेच. तेव्हा हे काम परके नाही, असे शांतपणे सांगा आणि विषय सोडा.

"गरिबाला हे परवडत नाही" ही तक्रार मात्र गंभीरपणे घ्या, कारण आहारावर बोलणारे अर्धे लोक ओट्स, ऑलिव्ह तेल आणि परदेशी बियाच सांगतात. मंडळीत रोजंदारीवर जाणारी, घरकाम करणारी माणसे आहेत. त्यांच्यापुढे हरभरा, चवळी, ज्वारी, जवस, शेवगा, अंबाडी, अंडे एवढेच बोला. वर्गणी काढून घेतलेली डाळ एकत्र विकत घेणे, कंपाउंडमध्ये दोन शेवग्याची झाडे लावून शेंगा-पाला वाटून घेणे, ही कामे भाषणापेक्षा मोलाची. रेशनच्या तांदळावर घर चालवणाऱ्या बाईला भात सोडा म्हणणे मला पटत नाही. भातासोबत डाळ आणि पालेभाजी कशी वाढेल ते बघा.

वजनावरून थट्टा होणार नाही एवढे मात्र कडक पाळा, व्यासपीठावरूनही नाही आणि स्वयंपाकघरातही नाही. कोणी बारीक झाले तरी जाहीर कौतुक नको. आजाराने बारीक झालेली माणसेही त्याच बाकावर असतात.

तीन महिन्यांनी

वही पुन्हा उघडा. दर पानामागे तेल किती, मीठ किती, भाजी किती आणि काय उरले, हे चार आकडे पहिल्या महिन्याशेजारी लिहून समितीपुढे ठेवा. वजन कोणाचे किती घटले ते विचारूच नका. एवढ्या काळात ते आकडे खरे नसतात आणि लोकांना अवघडून टाकतात. कोशिंबीर दर वेळी उरत असेल तर कोशिंबीर वाईट आहे, लोक वाईट नाहीत. दही आणि शेंगदाण्याचा कूट घालून बघा. तेलाचा आकडा हलला नसेल तर मावशींशी पुन्हा बोला आणि एकच पदार्थ धरा. समितीकडून पुढचे वर्षभर मागून घ्या, आणि वही लिहायला या वेळी तरुण संघातले कोणी तरी बसवा, ज्याला भागाकार येतो आणि मावशींची भीती वाटत नाही.